जॉब कार्ड क्रमांक चौदा

दुर्बळ बालकांविषयी ख्रिस्ती माणसाला जबाबदारी वाटली पाहिजे, या प्रश्नावर आमच्या मंडळीत आजवर एकदाही मतभेद झालेला नाही. मतदान मात्र तीनदा झालं. तिन्ही वेळा ठराव एकमताने मंजूर झाला आणि तिसऱ्या वेळी तर टाळ्याही पडल्या. जगात इतक्या ठिकाणी इतकी मुलं मागे पडत असताना एवढी एकी क्वचितच पाहायला मिळते, हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

आमची मंडळी म्हणजे भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधली मराठी ख्रिस्ती मंडळी. कुटुंबं सदतीस. बहुतेक नगर, जालना, सोलापूरकडची. कोणी इंजिनिअर, कोणी टेक्निशियन, कोणी टाइम ऑफिसात क्लार्क. आम्हांला स्वतःचं चर्च नाही, उपासना कम्युनिटी हॉलमध्ये होते. रविवारी सात ते पावणेनऊ मल्याळी, नऊ ते अकरा आम्ही आणि अकरापासून टेबल टेनिस. उपदेश लांबला की खेळाडू दारात येऊन उभे राहतात आणि बॅटवर चेंडू उडवत बसतात. टप टप टप. (नव्या पाळकांना आधी तो ताल वाटतो. मग कळतं.)

टाउनशिपला भिंत आहे. भिंतीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे वस्ती आणि वस्तीत दोन खोल्यांची, एका बाईंची प्राथमिक शाळा. भिंतीला एके ठिकाणी फट पडली आहे. तिच्यातून रोज सकाळी वस्तीतल्या बायका आमच्याकडे धुण्याभांड्यांना येतात. ती फट मोजली तर दोन्ही बाजूंनी सारख्याच रुंदीची भरेल, पण आमच्यापैकी कोणी तिच्यातून पलीकडे गेल्याची नोंद सापडत नाही.

तर जुलै महिन्यात इटारसीहून पाहुणे पाळक आले होते. त्यांनी उपदेश मध्येच थांबवून विचारलं, "त्या भिंतीपलीकडच्या शाळेसाठी तुम्ही काय केलंत?"

उपदेशात जे प्रश्न विचारले जातात ते उत्तरासाठी नसतात, हा साधा संकेत आहे. पाळकांनी तो पाळला नाही. ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले. सदतीस कुटुंबं आपापल्या चपलांकडे बघत बसली. दारात चेंडू टप टप करत होता. शेवटी सुधाकर आढावसाहेब उठले.

आढावसाहेब कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यात आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या टेबलावरून एकही कागद तारखेशिवाय पुढे गेलेला नाही. ते उठले, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "समिती नेमू या."

सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला. मागच्या रांगेतल्या कोणाचीतरी गीतांची वही त्या वाऱ्याने उघडली, असं माझा नवरा अशोक सांगतो. (अशोक इन्स्पेक्शन खात्यात आहे. त्याची मोजमापं सहसा बरोबर असतात.)

अशा रीतीने 'दुर्बळ बालक व शाळा जबाबदारी समिती' जन्माला आली. अध्यक्ष आढावसाहेब. सदस्य अकरा. चिटणीस मी. माझी निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली, ती म्हणजे मी घरी असते. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती, तिला दात येऊ घातले होते आणि दिवसाचे बारा तास ती हे दात म्हणजे माझीच चूक असल्यासारखी माझ्याकडे बघून रडायची. घरी असणाऱ्या बाईकडे भरपूर वेळ असतो, या मुद्द्यावरही मतभेद झाला नाही. पुढची सगळी इतिवृत्तं मी तिला मांडीवर घेऊन लिहिली आहेत. ठराव क्रमांक तीन, सात आणि बारा यांवर लाळेचे डाग पडले आहेत. ते अधिकृत समजावेत.

काम ताबडतोब सुरू झालं. शाळेच्या बाईंकडून यादी मागवली. (भांडी घासायला येणाऱ्या बाईबरोबर चिठ्ठी पाठवली, तिच्याबरोबरच उत्तर आलं.) शाळेत एकूण मुलं चौसष्ट, पैकी मुळीच वाचता न येणारी बावीस.

आणि इथे पहिली अडचण आली, जिची कोणी कल्पना केली नव्हती. कुटुंबं सदतीस, मुलं बावीस. दुर्बळ बालकं कमी पडली.

प्रत्येक कुटुंबाने एका बालकाची जबाबदारी घ्यायची आणि त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची असं ठरलं होतं. जबाबदारी घ्यायला हात वर करून बसलेली पंधरा कुटुंबं रिकाम्या हाती राहायची वेळ आली. मी असं दृश्य आधी पाहिलं नव्हतं. एरवी कोपऱ्यात बसणारी माणसं पुढे सरकली. सेवानिवृत्त होऊन कोलार रोडला घर बांधून गेलेल्या दोन कुटुंबांनी, आपण मंडळीचे जुने सभासद असल्याने आपला हक्क आधी आहे, असं लेखी कळवलं. चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वसाहतीतून एका मोठ्या साहेबांच्या पत्नीचा फोन आला: एखादी चुणचुणीत, पण वाचता न येणारी मुलगी बाजूला ठेवता येईल का. मल्याळी मंडळीला कुठूनतरी सुगावा लागला आणि त्यांनी चार-पाच बालकं आपल्याकडे वळवण्याची नम्र विनंती केली. शाळा आमच्या प्रार्थनेत आधी आलेली असल्याने ती फेटाळण्यात आली.

शेवटी वाटप असं झालं:

अखंड बालक मिळालेली कुटुंबं, नऊ.

बालक विभागून मिळालेली कुटुंबं, सव्वीस. (एकाने वाचनाची बाजू सांभाळायची, दुसऱ्याने गणिताची. एकाच पोरीच्या दोन वेण्या दोघींनी घालाव्यात तसं हे काम असतं, असं महिला मंडळाचं मत पडलं.)

प्रतीक्षा यादी, दोन.

रत्नप्रभाकाकू आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांना अखंड बालक मिळालं, शिवाय निवडीचा मान मिळाला. त्या यादीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मला सगळ्यांत मागे पडलेलं द्या गं. सोपं नको. माझी प्रार्थना जुनी आहे." त्यांना कार्ड क्रमांक नऊ देण्यात आलं. आम्हांला, चिटणीस म्हणून, कार्ड क्रमांक चौदा. रामकली, इयत्ता पाचवी.

कार्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या कारखान्यात एखादा भाग बनायला निघाला की त्याच्याबरोबर एक पुठ्ठ्याचं जॉब कार्ड निघतं. तो भाग ज्या ज्या खात्यात जाईल तिथे तिथे कार्डावर नोंद होते. भाग कुठे आहे हे कोणी विचारलं तर कोणी भाग शोधत नाही, कार्ड शोधतात. आढावसाहेबांनी ही सुंदर पद्धत बालकांना लावली. प्रत्येक मुलाचं एक जॉब कार्ड. रकाने असे: नाव. इयत्ता. दोष. जबाबदार कुटुंब. केलेल्या प्रार्थना. भेटी. शेरा.

'काम पूर्ण' असाही एक रकाना मूळ मसुद्यात होता, पण पुठ्ठ्यावर बसेना. तो ठेवायचा तर 'शेरा' काढावा लागला असता. चर्चा झाली. शेरा ठेवला.

एक नियम साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. "कल्पना, कुठलाही रकाना रिकामा सोडायचा नाही. काही नसेल तर 'निरंक' लिही. रिकामी जागा दिसली की काम झालं नाही असं वाटतं. निरंक दिसलं की काम तपासलं असं वाटतं." तेव्हापासून मी घरातही 'निरंक' म्हणते. साखर निरंक. झोप निरंक.

ऑक्टोबरअखेर पहिला अहवाल मांडला, तो मला आजही पाठ आहे. समितीच्या सभा, नऊ. एकूण प्रार्थना, एक हजार एकशे चौऱ्याऐंशी. दर बालकामागे सरासरी त्रेपन्न पूर्णांक आठ. भेटी, निरंक. साहेबांनी आलेख काढून आणला होता. प्रार्थनांची रेघ वर वर जात होती आणि भेटींची रेघ खालच्या अक्षावर इतकी नेमकी पडली होती की ती अक्षाचीच वाटावी.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी शाळेच्या बाई, शारदा तिवारी, स्वतः हॉलवर आल्या. दारात खेळाडूंच्या घोळक्यात उभ्या होत्या. साहेबांनी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, आलेख दाखवला. बाईंनी तो नीट पाहिला.

"बहुत अच्छा बना है," त्या म्हणाल्या. "भाईसाहब, मुझे बस एक चीज़ चाहिए. मंगलवार को चार बजे मैं कमज़ोर बच्चों को फिर से बुलाती हूँ. बाईस हैं, मैं अकेली हूँ. कोई आके बगल में बैठ जाए. एक घंटा."

"शिकवायचं काय?" साहेबांनी विचारलं.

"कुछ नहीं. बच्चा पढ़ेगा. आप बैठिए, उसकी उँगली लाइन के नीचे रखवाइए, और जब अटके तब उठके मत जाइए. बस."

सदतीस कुटुंबं पुन्हा चपलांकडे बघू लागली. मग साहेबांनी बाईंचे आभार मानले, त्यांच्या भावनांची इतिवृत्तात नोंद घेतली आणि विषय नव्याने नेमलेल्या 'बसणे उपसमिती'कडे सोपवला. उपसमितीपुढचे प्रश्न खरोखरच गुंतागुंतीचे होते. बसायचं ते सतरंजीवर की खुर्चीवर? हिंदीत बसायचं की मराठीत? तास साठ मिनिटांचा धरायचा की शाळेच्या पिरियडचा, जो चाळिसाचा असतो? ऊन असेल तर? उपसमितीच्या तिन्ही सभा उभ्यानेच झाल्या, कारण तोवर टेबल टेनिस सुरू झालेलं असे.

याच महिन्यात एका दुपारी दार वाजलं. दारात साधारण दहा वर्षांची मुलगी. निळा फ्रॉक, उसवलेली बाही सेफ्टीपिनने धरलेली.

"आंटी, मेरा कार्ड आपके पास है?"

माझ्या कडेवर माझी मुलगी तार सप्तकात होती. मला आधी कळेचना.

"मैं रामकली. बहनजी ने बोला, चौदह नंबर आपके यहाँ है."

"है," मी म्हटलं.

"उस पे मिलता क्या है?"

तिच्या घरी रेशनचं कार्ड होतं, त्यावर साखर आणि घासलेट मिळायचं. तेव्हा याही कार्डावर काहीतरी मिळत असणार. हा प्रश्न नऊ सभांत कोणी विचारला नव्हता, उपसमितीच्या तीन धरल्या तर बारा.

"प्रार्थना मिलती है," मी म्हटलं. "तुम्हारे लिए. हम लोग करते हैं."

"कब?"

"रोज."

तिने जरा विचार केला. "आती नहीं है," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. या महिन्यात घासलेट आलं नाही, हे जसं सांगतात तसं.

मी कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट पाहिलं. मी तिचं बोट धरून पहिल्या रकान्यावर ठेवलं आणि म्हटलं, "ये तुम्हारा नाम. रा. म. क. ली." तिने बोट परत मागे नेलं आणि स्वतः म्हटलं. मग पुन्हा. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात काहीतरी कमी झालं आहे. माझी मुलगी रडायची थांबली होती. सातव्यांदा ती झोपली होती.

आता मी जे सांगते त्यात माझा काही मोठेपणा नाही, हे आधीच स्पष्ट करते. ज्या बाईचं बाळ चार महिन्यांत दुपारी वीस मिनिटांहून जास्त झोपलं नाही, ती अशा मुलीला परत जाऊ देईल, असं कोणी समजू नये. मी तिला विचारलं, "कल आओगी?" तिची आई आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये तीन ते चार भांडी घासायची, तेवढा वेळ तिला मोकळाच होता.

घरात हिंदीत छापलेली वस्तू एकच निघाली. अशोकला कारखान्यातून मिळालेली सुरक्षेची पुस्तिका, जी आम्ही पलंगाच्या आखूड पायाखाली सारली होती. रामकलीने ती ओढून काढली (पलंग तेव्हापासून डुगडुगतो) आणि पहिलं वाक्य सुरू केलं. "च. ल. ती. चलती. म. शी. न." चालत्या मशीनमध्ये हात घालू नये, हे पूर्ण व्हायला तिला पाव तास लागला. माझी मुलगी 'मशीन'पर्यंतच झोपायची. इतकी अडखळत, इतकी सावकाश अंगाई कुठल्या आईला जमेल? मी शेजारी बसायची, ती अडली की अक्षर सांगायची, उठून जायची नाही. उठणार कशी, बाळ मांडीवर होतं.

प्रगतीची आकडेवारी माझ्याकडे आहे. नोव्हेंबरअखेर, पान दुसरं. मुलीला एक दात. डिसेंबरअखेर, पान सातवं, 'खराद के पास ढीले कपड़े न पहनें' (खराद म्हणजे लेथ), दात तीन. जानेवारीच्या मध्याला पान एकोणीस, 'आग लगने पर'. इथे ती इतक्या वेगाने वाचायला लागली की बाळ जागं राहू लागलं आणि तिला मुद्दाम हळू वाचायला सांगावं लागलं.

तिची आई एकदा तिला न्यायला दारात आली तेव्हा म्हणाली, "पढ़ ले, पढ़ ले. मार्च में पाँचवीं का इम्तहान है. बाहर के मास्टर आते हैं, कहीं का भी पन्ना खोल के सामने रख देते हैं. निकल गई तो छठी में बैठेगी. नहीं निकली तो मेरे साथ बर्तन. दो घर मैंने इसके लिए बोल भी दिए हैं."

मी विचारलं, कुठली दोन घरं.

त्यातलं एक रत्नप्रभाकाकूंचं होतं. दुसरं आमचं. बाळामुळे माझे हाल होतात हे पाहून अशोकने, मला न सांगता, महिन्यापूर्वीच तिला सांगून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मी अशोकशी बोलले. तो म्हणाला, "अगं, मला काय माहीत तीच चौदा नंबर आहे. कार्डावर फोटो नाही."

इकडे समितीवर संकट येत होतं. जानेवारीअखेर शारदाबाईंची नवी यादी आली आणि बावीसची सतरा झाली. रामकली शाळेत गेल्यावर दुपारच्या सुट्टीत आणखी चौघांची बोटं ओळीखाली धरत होती. त्या पाचांना प्रत्येक गोष्ट कारखान्याच्या भाषेत येत होती, पण येत होती.

आढावसाहेबांनी तातडीची सभा बोलावली. आठ कुटुंबं एका रात्रीत बालकाविना झाली होती. रत्नप्रभाकाकूंचं कार्ड नऊही त्यांत गेलं. काकू अक्षरशः रडल्या. "पुढच्या तीन वर्षांची प्रार्थना बांधून ठेवली होती गं मी त्याच्यासाठी. वाचायला लागला आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही." कोणीतरी त्यांना आपल्यातलं गणिताचं अर्धं देऊ केलं, पण त्यांचं समाधान झालं नाही.

"प्रश्न एका मुलाचा नाही," साहेब म्हणाले, "पद्धतीचा आहे. जॉब मधूनच लाइनवरून उचलला तर पुढच्या खात्यांनी काय करायचं? आणि हे झालं कुठून?"

मी खरं ते सांगितलं. बाळ झोपत होतं, असं सांगितलं.

साहेब चांगले आहेत, ते रागावले नाहीत. फक्त दुखावले. ठराव क्रमांक एकतीस झाला: समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही बालकास वाचते करू नये. मार्चच्या पहिल्या रविवारी इटारसीचे पाळक येणार होते. त्या दिवशी सर्व मंडळीच्या वतीने एका बालकासाठी जाहीर प्रार्थना व्हायची होती आणि त्यासाठी कार्ड चौदा मुक्रर झालं होतं. तोवर कार्ड चौदाच्या वाचनात कोणतीही भर घालू नये, असंही ठरलं. परीक्षा त्यानंतर आठ दिवसांनी होती. ठराव मीच लिहिला. अक्षर चांगलं आलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी रामकलीला दारातच म्हटलं, "कुछ दिन मत आना." तिने का असं विचारलं नाही. रेशनच्या दुकानात ज्यांना नेहमी परत पाठवतात, त्यांना का विचारायची सवय राहत नाही.

तीन दिवस माझी मुलगी रडली. मी अंगाई म्हटल्या, गीतं म्हटली, सुरक्षेची पुस्तिकासुद्धा वाचून पाहिली. माझ्या तोंडून ती तिला आवडली नाही; मी फार भरभर वाचते. चौथ्या दिवशी दार वाजलं.

"गुड़िया की आवाज़ नाले तक आ रही है," रामकली म्हणाली. "मैं पढ़ूँगी नहीं, आंटी. खाली सुलाऊँगी."

मी ठराव काढून पाहिला. झोपवण्याविषयी त्यात काही नव्हतं.

मार्चचा पहिला रविवार उजाडला. हॉल भरला होता. शारदाबाई रामकलीला घेऊन आल्या होत्या, वेण्यांना लाल रिबिनी. व्यवस्था अशी होती की तिने समोर उभं राहायचं, कार्ड छातीशी धरायचं, कार्डाचं तोंड मंडळीकडे, आणि पाळकांनी डोक्यावर हात ठेवून, तिला वाचता यावं म्हणून प्रार्थना करायची. साहेबांनी तालीमही घेतली होती. "बस खड़ी रहना, बेटा. कुछ करना नहीं है."

ती उभी राहिली. पाळकांनी डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी मिटले. आणि त्या शांततेत कारखान्याच्या सूचना वाचायच्या ठणठणीत सुरात आवाज आला, "नाव. रामकली."

मी डोळे उघडले. तिने कार्ड आपल्याकडे फिरवलं होतं. भाषा मराठी, पण अक्षरं तीच. बोट ओळीखाली होतं.

"इयत्ता. पाचवी. दोष. वाचता... येत... नाही." ती थांबली. पाळकांकडे वर बघत म्हणाली, "ये तो गलत लिखा है." आणि परत खाली. "जबाबदार कुटुंब. अशोक व कल्पना वाघचौरे. केलेल्या प्रार्थना. एक सौ ग्यारह. भेटी." इथे ती अडली. माझे ओठ आपोआप हलले, सवयीने. ती एकटीच पुढे गेली. "नि. रं. क. निरंक."

मग माझ्याकडे वळून, सगळ्या मंडळीदेखत तिने विचारलं, "आंटी, निरंक माने?"

"माने," मी म्हटलं, "तुम्हारे यहाँ कोई नहीं आया."

"मैं तो आती थी."

"हाँ. तुम आती थीं."

नोंद बरोबरच होती. चार महिन्यांत मी त्या फटीतून एकदाही पलीकडे गेले नव्हते. दारात खेळाडू आले होते, पण चेंडूचा आवाज येत नव्हता. त्यांनी तो हातात धरून ठेवला होता.

आढावसाहेबांनी प्रसंग सावरला. ते उठून म्हणाले, "बंधुभगिनींनो, प्रार्थनेचं उत्तर प्रार्थनेच्या आधीच मिळालं." टाळ्या पडल्या. हे यश समितीच्या एकूण तीन हजार आठ प्रार्थनांच्या खाती जमा करण्यात आलं. पाळकांनी टाळ्या संपू दिल्या आणि विचारलं, "मंगळवारी चार वाजता कोण जाणार आहे?" ते वाट पाहत उभे राहिले. त्यांची ती सवय काही जात नाही.

मंगळवारी रत्नप्रभाकाकू निघाल्या. "माझा नऊ नंबर वाचतो कसा, ते तरी बघू दे मला," म्हणाल्या. बरोबर घडीची खुर्ची घेतली. खुर्ची फटीतून जाईना. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. बसणे उपसमितीने या घटनेची तातडीने दखल घेतली आणि फट रुंद होईपर्यंत थांबण्याची शिफारस केली. काकूंनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि तशाच गेल्या. पाचला परत आल्या त्या दोन्ही गुडघे धरून. मी मुलीला कडेवर घेऊन भिंतीपाशीच उभी होते. मी अजून तिथपर्यंतच पोचले होते.

"काय करावं लागलं, काकू?"

"काही नाही गं. बसायचं असतं नुसतं," त्या म्हणाल्या. मग गुडघे चोळत म्हणाल्या, "सतरा जण आहेत. मी एक."

पुढच्या मंगळवारी मी त्या फटीतून गेले. कडेवर बाळ घेऊन आरामात जाता येतं.

रामकली पाचवी पास झाली, तृतीय श्रेणी. बाहेरच्या मास्तरांनी भूगोलाचं पान उघडलं होतं. तिने पर्वतांची नावं धोक्याच्या सूचनांसारखी वाचली, असं शारदाबाई सांगतात. ती आता सहावीत बसते. काकूंची भांडी काकू घासतात, आमची अशोक घासतो. इन्स्पेक्शनमधला असल्याने एकेक ताट उजेडात धरून बघतो, त्यामुळे रात्रीचं जेवण जरा उशिरा होतं.

समितीचं काम जोरात आहे. बालकं सोळा, प्रतीक्षा यादीत कुटुंबं एकवीस. मंगळवारी सतरंजीवर आम्ही अडीच जणी असतो.

वाचकांपैकी कोणाला बालक हवं असेल तर यादीत नाव घालता येईल, पण वेळ लागेल. तोवर कोणी रिकाम्या हाती राहू नये म्हणून मी आपलं स्वतःचं कार्ड भरून ठेवलं आहे. नाव, आपलं. इयत्ता, एवढा मजकूर न अडता वाचण्याइतकी. दोष, वाचता येतं. जबाबदार कुटुंब, जे कोणी एकेकाळी आपल्या शेजारी बसलं आणि आपण अडलो तेव्हा उठून गेलं नाही, ते. केलेल्या प्रार्थना, एक. मघाशी रामकलीसाठी जे थोडंसं वाईट वाटलं ते मी इथे धरलं आहे. भेटींचा रकाना मी रिकामा सोडणार होते. पण साहेबांचा नियम आहे.

निरंक.